चालता चालता बंद पडणारी गाडी

मनोहरराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याच्या आमच्या कापडाच्या दुकानाचं शटर वर करत होतो. फोन सौसरहून होता, त्यांच्या शेजाऱ्यांचा. “शेठजी, मनोहररावजी गेले हो. आंघोळ करून बाहेर आले, खुर्चीवर बसले, पेपर मागितला... अन् पेपर आणेपर्यंत गेले.” अशा वेळी काय बोलायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मी मात्र विचारलं, “खुर्चीवरच ना? गाडीत तर नव्हते ना बसले?” शेजारी म्हणाले, “नाही नाही, गाडी आपल्या जागेवर उभी आहे.” पुढे सुतकाच्या दिवसांत त्या घरी भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस चपला काढता काढता आडून आडून हेच विचारत होता. एक माणूस जन्मभर नोकरी करतो, संसार करतो, मुलाला शिकवतो, आणि शेवटी लोकांच्या लक्षात काय राहतं, तर त्याची गाडी. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता दीड-दोन महिने झाले, राग ओसरला आहे, आणि लिहायला बसलो तर मीही गाडीपाशीच येऊन थांबलो आहे.

मनोहरराव माझे साडभाऊ. थोरली बहीण कुसुमताई त्यांना दिलेली, धाकटी सुनंदा मला. साडभाऊ हे नातं मोठं गमतीचं असतं. त्यात भांडण्यासारखं काही नसतं आणि तरीही आयुष्यभर एकमेकांकडे तिरक्या डोळ्यानं पाहणं सुटत नाही. सासुरवाडीच्या पंगतीत आधी कुणाच्या पानात वाढलं इथपासून ते सुरू होतं. ते नोकरदार, मी दुकानदार. ते मला ‘शेठ’ म्हणायचे आणि त्या शब्दात आदर नावालाही नसायचा. मी त्यांना तोंडावर मनोहरराव आणि पाठीमागे मायलॉर्ड म्हणायचो, कारण ते कोर्टात रीडर होते. रीडर म्हणजे न्यायाधीशांच्या खाली टेबल लावून बसणारा, फायली पुढे करणारा, तारखा देणारा माणूस. तिथं बसून त्यांनी इतक्या साक्षी ऐकल्या होत्या की ती खोड घरातही आली होती. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “तुम्ही स्वतः पाहिलं, का ऐकलं?” आमच्या मेहुण्याच्या लग्नात वाढप्यानं येऊन सांगितलं की जिलेबी संपली, तर यांनी त्यालाही विचारलं, “स्वतः पाहिलं का?” तो बिचारा पुन्हा भटारखान्यात जाऊन पाहून आला. जिलेबी खरंच संपली होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपूरच्या एका शोरूममधून चंदेरी रंगाची नवी कोरी गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते खरं की खोटं हे मला आजही ठरवता आलेलं नाही. घरी आणली तेव्हा कुसुमताईंनी ओवाळली, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मनोहररावांनी ते लिंबू चिरडताना गाडी इतक्या हळू पुढे घेतली की शेजारची मंडळी हसली. गाडी ते तशीच चालवत. रस्ता मोकळा असो की भरलेला, काटा पन्नासच्या पुढं जायचा नाही. सौसरहून जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला निघालो की मागून येणाऱ्या मोटरसायकली आम्हाला ओलांडून, दर्शन घेऊन परत येताना पुन्हा भेटायच्या. मी चिडवायचो, “मनोहरराव, तारीख देऊन राहिले का रस्त्याला?” ते मान न वळवता म्हणायचे, “शेठ, पोहोचल्यावर बोला.” आणि त्या गाडीत बसून आम्ही नेहमी पोहोचलो, हेही सांगायला हवं. मी त्यात किती वेळा बसलो असेन याचा हिशेब नाही. ती माझ्यादेखत एकदाही बंद पडली नाही.

पहिल्यांदा बंद पडली ती बोरगावच्या अलीकडे, भर दुपारी. गाडीत ते एकटे होते. पुढे एक ट्रॅक्टर चालला होता, मागे मालानं लादलेला ट्रक होता. ट्रॅक्टरला ओलांडायला म्हणून गाडी बाहेर काढली आणि इंजिनाचा आवाजच गेला. हा त्यांचा शब्द, ‘आवाजच गेला’. धक्का नाही, झटका नाही, वीज गेल्यावर चालता पंखा बंद होतो तसं. समोर काचेखाली होते नव्हते ते सगळे लाल-पिवळे दिवे लागले. स्टिअरिंग एकदम जड झालं, ब्रेकवर पाय दिला तर तो एक-दोनदा लागला आणि मग दगडावर पाय ठेवल्यासारखा झाला. मागचा ट्रक हॉर्न देत अंगावर आलेला. त्यांनी दोन्ही हातांनी चाक ओढून गाडी डाव्या अंगाला, रस्त्याच्या खाली मातीत उतरवली. ट्रकवाला शिव्या देत निघून गेला. मनोहरराव खाली उतरले, एका निंबाच्या झाडाखाली जाऊन बसले, पाणी प्यायले. मग येऊन चावी फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू. घरापर्यंत सुरळीत आली. हे सगळं त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “क्लच सुटला असेल हो पायातून.” त्यावर त्यांनी फोन ठेवून दिला.

नंतर असं काही महिन्यांच्या अंतरानं होत राहिलं. एकदा पांढुर्ण्याकडे येताना वळणावर, एकदा सौसरच्याच बाजारात, एकदा पुलावर चढताना. प्रत्येक वेळी ते एकटे. प्रत्येक वेळी गाडी थोड्या वेळानं आपोआप सुरू झाली. प्रत्येक वेळी त्यांनी ती नीट बाजूला घेतली आणि कुठं साधा ओरखडाही आला नाही. आता पाहतो तर त्यांचं खरं नुकसान या शेवटच्या गोष्टीनं केलं. आमच्या दुकानात सकाळच्या चहाला चार मंडळी जमतात, त्यांच्याकडे गाड्यांचे एकेक भारी किस्से आहेत. एकाच्या जीपचा ॲक्सिलेटर दबला तो वर आलाच नाही, जीप जाऊन कापसाच्या गाडीवर आदळली. एकाचं बोनेट नागपूर रोडवर उघडून समोरच्या काचेवर आलं, त्यानं खिडकीतून मुंडकं बाहेर काढून गाडी थांबवली, तरी ती खांबाला लागलीच. एकाचे घाटात ब्रेक गेले, त्यानं गाडी डोंगराला घासत घासत उभी केली, त्याचा खांदा आजही दुखतो. या लोकांना कुणी विचारत नाही की बाबा, तुझं खरं कशावरून. ज्याची गाडी आपटली त्याचं खरं. मनोहररावांची गाडी आपटली नाही, म्हणून त्यांचा किस्सा कुणी उभा राहू दिला नाही. दुकानातल्या एकानं तर ऐकून सरळ विचारलं, “साहेबांना दिसते ना बराबर?”

शोरूमला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. तिथल्या मुलानं गाडीला वायर जोडून लॅपटॉपवर पाहिलं. “काका, एकही एरर नाही दाखवून राहिलं. गाडी एकदम ओके आहे.” मनोहररावांनी सगळी हकीकत क्रमानं सांगितली, जशी कोर्टात सांगतात तशी, कुठून निघालो, पुढं काय होतं, मागं काय होतं. तो मुलगा नम्र होता, त्यानं पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, “काका, क्लचवर पाय ठेवूनच चालवता का तुम्ही? सिनियर लोकांची ती सवय राहते.” मनोहरराव म्हणाले, “तुम्ही पाहिलं का मला चालवताना?” “नाही.” “मग हे तुम्ही ऐकलं कोणापासून?” मुलगा हसला. मीही हसलो. त्यांनी गाडी तिथं ठेवली, तिथल्या लोकांनी ती शहरभर फिरवून पाहिली, काही बारीकसारीक बदललं, आणि परत करताना कागदावर लिहून दिलं की सांगितलेली तक्रार आढळली नाही. असे कागद पुढे आणखी आले. सगळ्यांवर तेच वाक्य. मनोहरराव ते वाक्य मोठ्यानं वाचत आणि म्हणत, “आढळली नाही म्हणतात. नाही असं म्हणत नाहीत. फरक आहे.” आम्हाला त्यात फरक दिसत नव्हता.

घरात तर त्यांचं काहीच चालेना. कुसुमताई स्वभावानं रोखठोक. त्यांनी एक दिवस गाडीची चावी तांदळाच्या डब्यात लपवली आणि मनोहररावांकडे बोट दाखवून जाहीर करून टाकलं, “गाडीले काहीच नाही झालं. यायलेच झालं.” पुण्याहून मुलानं, निखिलनं, फोनवर समजावलं की बाबा, आता बिनगिअरची घ्या, या वयात पाय गोंधळतात. डोळे तपासले, साखर तपासली, मेंदूच्या डॉक्टरकडेही नेऊन आणलं. मनोहरराव मुकाट्यानं सगळीकडे गेले. रिपोर्ट सगळे चांगले आले, तर त्याचाही उपयोग झाला नाही. कुसुमताई म्हणाल्या, “रिपोर्टमध्ये सगळंच थोडी येते?” मी मनोहररावांकडे पाहिलं तर ते हसत होते. शोरूमचा तो लॅपटॉप आणि हा डॉक्टर, दोघांवर एकच न्याय लागला हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण त्या हसण्यात मला काहीतरी ढिलं झाल्यासारखं वाटलं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या साक्षीवर बोट ठेवलं, त्याचा आता स्वतःच्या साक्षीवरचाच विश्वास उडू लागला होता. एकदा बोलता बोलता म्हणाले, “शेठ, मलेही कधी कधी वाटते, पायच गेला असंल माझा चुकीच्या जागी.”

त्याच दुपारी मी त्यांना उपाय सुचवला होता. आम्ही ओसरीत संत्री सोलत बसलो होतो, गाडी समोर शेडमध्ये उभी होती. मी म्हणालो, “सोपं आहे. पंधरा दिवस गाडी मी नेतो पांढुर्ण्याला. रोज चालवतो. बंद पडली तर तुमचं खरं. मग कोणाची बिशाद आहे तुम्हाला बोलायची?” ते फोडीतली बी काढत म्हणाले, “अन् कोठं बंद पडावी म्हणता?” मला कळेना. “म्हणजे?” “जागा सांगा न शेठ. पुलावर पडू द्यायची का ट्रकच्या पुढं? तुमच्यासंगं सुनंदा राहीन का एकटेच राहाल?” मी म्हणालो, “अहो, तुम्ही आणलीच ना दर वेळी बाजूला? मीही आणीन.” त्यांनी हात पुसले. “मी आणली, कारण मी चाळीस-पन्नासनं चालवतो अन् सारखा भीत राहतो. तुम्ही नाही भीत. साक्ष पाहिजे म्हणून मी साक्षीदारच मारू काय?” एवढं बोलून ते उठले आणि सालं गायीला टाकायला गेले. त्यानंतर त्या गाडीत त्यांनी कुणालाही बसू दिलं नाही. मला नाही, कुसुमताईंना नाही, सुट्टीत आलेल्या निखिललाही नाही. स्वतःही रस्त्यावर नेली नाही.

इथं त्यांची अडचण मला नीट मांडायची आहे, कारण सौसरमध्ये ती कुणी मांडली नाही. आपण खरं बोलतो आहोत हे सिद्ध करायचा त्यांच्याकडे एकच मार्ग होता, आणि तो म्हणजे दुसऱ्याला त्या चाकामागे बसवणं. ते त्यांनी केलं नाही. त्याऐवजी क्लच आणि ब्रेकमधला फरक न समजणारा म्हातारा म्हणून राहणं पत्करलं. हा मोठेपणा होता की हट्ट, ते मी सांगू शकत नाही. त्यांच्याशी माझं नातंच असं होतं की मोठेपणा दिसला तरी आधी हट्टच म्हणावंसं वाटायचं.

एक गोष्ट मात्र ते करत राहिले. संध्याकाळी उन्हं उतरली की शेडमध्ये जाऊन गाडी सुरू करत आणि आत बसून राहत. गाडी जागेवरच, गिअर नाही, काही नाही, नुसतं इंजिन चालू. सगळ्या काचा खाली. कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. गल्लीतल्यांना वाटायचं, बॅटरी उतरू नये म्हणून करतात, किंवा आत बसून गाणी ऐकतात. मी एकदा जवळ जाऊन पाहिलं, तर रेडिओ बंद होता. दोन्ही हात चाकावर आणि मान किंचित तिरपी, कान लावल्यासारखी. मी विचारलं, “काय चाललंय?” तर म्हणाले, “इथं बंद पडली पाहिजे. इथं पडली तर कोणाले लागणार नाही, अन् कुसुमलाही दाखवता येईल.” इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला थट्टा सुचली नाही. आत स्वयंपाकघरात कुसुमताईंना इंजिनाचा आवाज ऐकू येत असायचा. त्या मला म्हणाल्या होत्या, “भाऊजी, रोज पेट्रोल जाळून राहिले अंगणात. पण मी काही म्हणत नाही. बसू द्या.” गाडी अंगणात कधीच बंद पडली नाही.

मग गाडी विकायची गोष्ट निघाली. सावरगावचे एक संत्र्याचे व्यापारी माझ्या ओळखीचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून त्यांचं गाव आणि आमचं गाव रिवाजानं एकमेकांवर दगड फेकतात, एरवी त्यांचा-आमचा व्यवहार चोख. त्यांना गाडी हवी होती, मी नाव सुचवलं आणि त्यांना सौसरला घेऊन गेलो. मनोहररावांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि गाडी दाखवण्याआधीच सांगून टाकलं, “चालता चालता बंद पडते. स्टिअरिंग जड होते, ब्रेक लागत नाही. घेऊ नका.” आता आमच्याकडचा बाजार ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. आपल्या मालाला कुणी स्वतःहून नाव ठेवत नसतो. बागेचा मालक जेव्हा म्हणतो की यंदा माझा माल काही खास नाही, तेव्हा व्यापारी समजून जातो की याला दुसरीकडून चांगला भाव आला आहे. व्यापाऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून आतली स्वच्छता पाहिली, माझ्या कानात म्हणाले, “पक्का माणूस आहे हो. द्यायचीच नाही त्याले. गाडी नंबर एक असंल.” आणि त्यांनी भाव वाढवला. मनोहररावांनी पुन्हा सगळी हकीकत सांगितली, बोरगावचा ट्रक, पूल, सगळं. जितकं जास्त सांगितलं तितकी व्यापाऱ्यांची खात्री वाढत गेली. नंतरही ते दोन-तीनदा चकरा मारून गेले. मनोहरराव एकदा मला वैतागून म्हणाले, “घरचे खरं मानत नाहीत, अन् हा खोटं समजून पैसे वाढवून राहिला. करू तरी काय?”

त्यानंतर ते गाडीबद्दल बोलेनासे झाले. आमचा पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर आमच्यात आलं, कामांसाठी त्यांच्या पांढुर्ण्याला चकरा वाढल्या, तर ते बसनं येत. दुकानात टेकत, चहा घेत, परत बसनं जात. मंडळींपैकी कुणी विचारलंच की साहेब, गाडी कुठं आहे, तर म्हणायचे, “घरी आहे, तब्येत बरी नाही.” कुणाची तब्येत ते सांगत नसत. आणि मग तो सकाळचा फोन आला.

तेरवी आटोपल्यावर निखिलनं आवराआवर सुरू केली. पुण्याला परत जायचं होतं, आईला काही दिवसांनी न्यायचं होतं, आणि शेडमधली गाडी तशीच सोडून जाणं त्याला पटेना. व्यापाऱ्यांचा निरोप माझ्याकडे आलेलाच होता. त्यांना गाडी आता त्यांच्या मुलीसाठी हवी होती, ती नर्स आहे, सौसरला नुकतीच लागली होती. निखिलनं मला विचारलं, “मावसाजी, काय करू?” मी म्हणालो, “आईला विचार.” आईला विचारलं तर त्या म्हणाल्या, “तुले जे करायचं ते कर.” निखिलनं चार्जर लावून बॅटरी जिवंत केली, गाडी धुतली, आणि एकटाच बोरगावच्याही पुढं जाऊन आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन आला. परत आल्यावर अंगणात उभा राहून म्हणाला, “काहीच नाही आई. मस्त चालते. एकदाही बंद नाही पडली.” हे सांगताना त्याचा चेहरा पडलेला होता. बंद पडली असती तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला वाटलं.

व्यापारी मुलीला घेऊन आले. मी आणि सुनंदाही होतो. निखिलनं कागद काढून ओसरीतल्या टेबलावर ठेवले, चावी त्यावर ठेवली. मुलगी गाडीत बसून सीट पुढंमागं करून पाहत होती. कुसुमताई तोवर आतच होत्या. त्या बाहेर आल्या, सरळ गाडीपाशी गेल्या आणि खिडकीत वाकून मुलीला विचारलं, “कोठं कोठं नेशील बाई गाडी?” मुलगी म्हणाली, “ड्युटीवर, काकू. सावरगावहून सौसर. रोजच.” “एकटी?” “कधी कधी सोबत मैत्रीण राहीन.” कुसुमताई तशाच वाकून उभ्या राहिल्या. मग वळून ओसरीत आल्या, टेबलावरची चावी उचलली आणि मुठीत धरली.

“गाडी द्यायची नाही,” त्या म्हणाल्या.

निखिल गोंधळला. “आई, काय झालं? मी चालवून पाहिली ना. काहीच नाही तिला.”

“बंद पडते ते.”

“अगं, तूच तर म्हणायचीस, गाडीला काही नाही, बाबांनाच—”

“मी म्हणत होती,” कुसुमताईंचा आवाज चढला होता, “पण मी कधी चालवली का? ते चालवत होते. ते म्हणत होते बंद पडते. तर पडते.”

व्यापाऱ्यांना यातही भाव दिसला. ते हसून म्हणाले, “वहिनी, आणखी थोडे वाढवतो, त्यात काय!” कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “भाऊ, पोरगी तुमची आहे ना? मग काहून मरायले पाठवून राहिले तिले?” व्यापारी मुलीला घेऊन गेले, जाताना माझ्याकडे असे पाहून गेले, जणू हा सगळा खेळ मीच मांडला होता. निखिल ओसरीच्या पायरीवर बसला. सुनंदा बहिणीजवळ गेली तेव्हा कुसुमताई रडल्या, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. रडताना एकच म्हणत होत्या, “मी त्यायले रोज म्हटलं व, तुमचाच पाय चुकते. रोज म्हटलं.”

गाडी भंगारात दिली. भंगारवाला आला, त्यानं चावी लावून पाहिली, इंजिन झटक्यात सुरू झालं. तो चक्रावला. “बाई, गाडी तर चालू आहे. कटाईले काहून देता? मी दुसऱ्याले लावून देतो, मले सांगा फक्त.” कुसुमताईंनी त्याला अट घातली की इंजिन त्यांच्यासमोर फोडायचं, त्याचा एकही भाग दुसऱ्या गाडीत जायचा नाही. तो म्हणाला, पण खराबी तरी काय आहे? त्या म्हणाल्या, “चालता चालता बंद पडते.” “कोण म्हटलं?” “आमच्या घरच्यायनं.” मी बाजूलाच होतो. इतकी वर्षं मनोहररावांनी जे वाक्य शोरूमला, डॉक्टरला, मला, मुलाला सांगून पाहिलं, ते कुसुमताईंनी एका भंगारवाल्याला असं सांगितलं की त्यानं पुढं काही विचारलं नाही. घण आणायला गेला.

मागच्या आठवड्यात मी कुसुमताईंना चार दिवसांसाठी आमच्याकडे आणायला गेलो होतो. सौसर सोडून थोडं पुढं आलो असू. समोर बैलबंडी आली म्हणून मी ब्रेक मारला आणि स्वतःशीच पुटपुटलो की ब्रेक आज जरा खाली चालला आहे. माझी गाडी जुनी आहे, तिचं काही ना काही चालूच असतं, आणि मीही तिच्या नावानं काही ना काही बडबडत असतो. सुनंदाला त्याची इतकी सवय झाली आहे की ती ऐकतही नाही. कुसुमताई मागून म्हणाल्या, “थांबवा भाऊजी.”

“अहो ताई, काही नाही. सवय आहे मला.”

“तुम्ही म्हटलं ना, ब्रेक खाली चालला? तुम्हीच म्हटलं ना?”

“म्हटलं, पण...”

“मग थांबवा.”

मी गाडी कडेला घेतली. त्या आपली पिशवी घेऊन उतरल्या, मलाही उतरायला लावलं. मेकॅनिकला मी फोन केला, तो येऊन गाडी घेऊन जाईल असं ठरलं, आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला पांढुर्ण्याच्या बसची वाट पाहत उभे राहिलो. ऊन बरंच होतं. मला थोडा रागही आला होता, आणि थोडं, खरं सांगतो, बरंही वाटत होतं. गाडी चालवायला लागून माझं अर्धं आयुष्य गेलं, पण माझ्या नुसत्या एका शब्दावर कुणी असं गाडीतून उतरलं नव्हतं. कुसुमताई डोक्यावर पदर घेऊन, पिशवी पोटाशी धरून, बस येते त्या दिशेला पाहत होत्या. मनोहररावांच्या शब्दावर त्यांच्या गाडीतून असं कुणीतरी एकदा उतरायला हवं होतं.